कोलोंताय यांनी खोडलेलं ‘मी’

रशियातल्या १९१७च्या ऑक्टोबर क्रांतीतल्या बायकांवर लिहिताना मागच्या अंकात मी क्रांतिकारक आलेक्सांद्रा कोलोंताय यांना जेमतेम चार ओळी दिल्या होत्या. जगातली पहिली महिला मंत्री, पहिली महिला राजदूत, एवढंच सांगून पुढे गेले. पत्रं मात्र सगळी त्या चार ओळींवरच आली. नाशिकजवळ ओझरला मिग विमानांच्या कारखान्यात सोव्हिएत तज्ज्ञ असायचे, त्या काळात मी तिथे दुभाषी होते. कोलोंताय हे नाव मी पहिल्यांदा तिथेच एका इंजिनीयरच्या बायकोच्या तोंडून ऐकलं आणि ते मनातून कधी गेलं नाही. चार ओळींत त्यांना उरकायला नको होतं. या वेळचं सदर त्यांच्यासाठी.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. पहिली महिला मंत्री म्हणून तुम्ही नाव दिलंत. पण या बाईंनी मंत्री होऊन बायाबापड्यांसाठी काय केलं? की नुसती खुर्ची? (सांगली जिल्हा)

उत्तर : आधी माझी चूक सुधारते. एका वाचकाने दाखवून दिलं ते बरोबर आहे. १९१७च्याच मे महिन्यात, म्हणजे लेनिन यांचा बोल्शेविक पक्ष सत्तेवर येण्याच्या कितीतरी आधी, काउंटेस सोफिया पानिना झार गेल्यावर आलेल्या हंगामी सरकारात समाजकल्याण खात्याच्या उपमंत्री झाल्या होत्या. कोलोंताय पुढे बसल्या त्याच खात्याच्या. पूर्ण खातं हातात असलेल्या पहिल्या बाई कोलोंताय, असं म्हणता येईल. राजदूतपदाचंही तसंच. हंगेरीने १९१८ साली रोझिका श्विमर यांना स्वित्झर्लंडला पाठवलं होतं. ‘पहिली’ हा शब्द मी सैल हाताने वापरला.

आता तुमचा खरा प्रश्न. क्रांतीनंतर काही दिवसांतच लेनिन यांनी कोलोंताय यांच्याकडे समाजकल्याण खातं दिलं. युद्धात हातपाय गमावलेले सैनिक, त्यांची पेन्शनं, अनाथाश्रम, टाकून दिलेली बाळं, महारोग्यांच्या वसाहती, सगळं त्या एका खात्यात. त्या तेव्हाच्या राजधानीतल्या, पेत्रोग्राडमधल्या कचेरीत गेल्या, तर दारावरच्या दाढीवाल्या म्हाताऱ्या दरवानाने आतच सोडलं नाही. अर्जदारांना भेटायची वेळ संपली, म्हणाला. तो दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी त्यांच्या राहत्या घराची घंटा वाजली. दारात एक शेतकरी. अंगात मेंढीच्या कातड्याचा कोट, पायांत झाडाच्या सालीच्या विणलेल्या वहाणा. हातात लेनिन यांची चिठ्ठी. झारच्या राजवटीत लष्कराने त्याचा घोडा नेला होता, भरपाई देऊ म्हणाले आणि कुणी दिली नाही. तो बिचारा कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होता. चिठ्ठीत लिहिलं होतं, घोड्याचे जे काय होतील ते याला समाजकल्याणच्या पैशातून द्या.

पैसे कुठले द्यायचे? खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्यांनी नव्या सरकारविरुद्ध संप केला होता आणि तिजोरीच्या किल्ल्या त्यांच्याकडे. कोलोंताय शिपाई, परिचारिका, भट्टीवाले अशा खालच्या कर्मचाऱ्यांना बरोबर घेऊन आत शिरल्या. किल्ल्या मिळेपर्यंत अधिकाऱ्यांना अटकेत ठेवावं लागलं. नव्या खात्यातून पहिले पैसे गेले ते त्या शेतकऱ्याच्या घोड्याचे. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे आणि मला ती त्यांच्या सगळ्या भाषणांपेक्षा जवळची वाटते. तुम्ही रोज कागद घेऊन आलेल्या माणसांना तोंड देता, तुम्हालाही वाटेल.

तिजोरी उघडली तरी तिच्यात फारसं नव्हतंच. रशियात खेळायचे पत्ते छापण्याचा मक्ता अनाथाश्रमांच्या नावावर असे, त्याचं उत्पन्न याच खात्याकडे येई. कोलोंताय यांनी पत्त्यांवरचा कर भरमसाट वाढवला. जुगाऱ्यांच्या पैशातून पोरांच्या तोंडात घास घालायचा, असा सरळ हिशेब.

पण त्यांचा सगळा जीव एका गोष्टीत होता : बाळंतीण आणि तिचं मूल. यामागे एक प्रसंग आहे. १८९६ साली त्या चोवीस वर्षांच्या होत्या. जनरल दोमोन्तोविच यांची लेक, एका इंजिनीयरची बायको, घरी दोन वर्षांचा मुलगा मिशा. नार्वा गावातल्या क्रेनहोल्म कापड गिरणीत हवा खेळती ठेवण्याची यंत्रणा बसवायची होती. नवऱ्याला ते काम मिळालं, त्याच्याबरोबर त्याही गेल्या. बारा हजार कामगारांची गिरणी. बाकीचे यंत्रं बघत होते तेव्हा या कामगारांच्या चाळीत शिरल्या. बरॅकीत हवा नाही, ओळीने फळ्यांच्या खाटा, कुणी झोपलंय, कुणी कपडे वाळत घातलेत. जमिनीवर पोरं खेळत होती, काही रडत होती. त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक लहानगीच पोर. त्या पोरांत एक मूल गप्प पडलं होतं. मिशाच्याच वयाचं. कोलोंताय जवळ गेल्या तर ते मेलेलं होतं. इतरांच्या खेळण्यात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. विचारलं तर उत्तर मिळालं, होतं असं अधूनमधून, कुणीतरी येऊन घेऊन जाईल.

दोन वर्षांनी त्या अर्थशास्त्र शिकायला झुरिकला गेल्या. नवऱ्याचं घर सुटलं ते कायमचं, मुलगा आजी-आजोबांकडे ठेवावा लागला. पुढे १९१६ साली त्यांनी समाज आणि मातृत्व या विषयावर सहाशे पानांच्या आसपासचं पुस्तक छापलं. कुठल्या देशात बाळंतिणीला किती रजा, पैसे कोण देतं, विम्याची काय सोय, याची देशोदेशींची माहिती त्यात गोळा केली. खुर्चीवर बसण्याआधी गृहपाठ झालेला होता, ताई. म्हणूनच डिसेंबर १९१७ मध्ये, राज्य धड उभंही राहिलेलं नसताना, कामकरी बाईला बाळंतपणाआधी आठ आणि नंतर आठ आठवडे भरपगारी रजा मिळाली. अंगावर पिणारं मूल असेल तर कामाच्या मध्ये पाजायला वेळ. आपल्या मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा १९२९ साली झाला, आणि तो आपल्याकडे पहिला.

जानेवारी १९१८ मध्ये ‘मातृत्व प्रासाद’ उघडायचा होता. जुन्या अनाथालयाची इमारत. प्रसूतिगृह, पाळणाघर, दुधाची सोय, नर्सेसचं शिक्षण, सगळं एका छपराखाली. ही तयारी होत आली आणि उद्घाटनाच्या तोंडावरच रात्रीत इमारत जळली. जुन्या दाया नव्या कारभारावर नाराज होत्या. आग लावली गेली असा कोलोंताय यांचा संशय शेवटपर्यंत राहिला. मुलं वाचवता आली, इमारत गेली.

त्यांची चूकही सांगते, कारण तीही याच खुर्चीतून झाली. युद्धातल्या अपंगांना छप्पर हवं म्हणून त्यांनी आलेक्सांद्र नेव्स्की मठाच्या इमारती ताब्यात घ्यायला हत्यारी माणसं पाठवली. मठाच्या घंटा घणघणल्या, भाविक जमले, झटापटीत गोळी लागून पाद्री प्योत्र स्किपेत्रोव गेले. हे त्यांनी वरिष्ठांना विचारून केलेलं नव्हतं, लेनिन यांनी कान उपटले. अपंगांसाठी केलं, म्हणून मी ते झाकून ठेवू इच्छित नाही. एक माणूस गेला.

मार्च १९१८ मध्ये जर्मनीशी ब्रेस्त-लितोव्स्कचा तह त्यांना पटला नाही म्हणून त्यांनी खातं सोडलं. म्हणजे सगळं मिळून पाचएक महिने. ठरवलेली बरीच पाळणाघरं उपासमारीत कागदावरच राहिली. पण रजेचा कायदा राहिला.

प्रश्न : कॉलेजच्या गटात चर्चा झाली. एक मुलगा म्हणाला, कोलोंताय म्हणजे ‘शरीरसुख पेलाभर पाण्यासारखं, तहान लागली की प्यावं’ असं म्हणणारी बाई. खरं का? (पुणे)

उत्तर : नाही. हे वाक्य त्यांच्या लिखाणात दाखव, असं त्या मुलाला सांगा.

पेल्याची उपमा गाजली ती जर्मन कम्युनिस्ट नेत्या क्लारा झेटकिन यांच्या आठवणींमुळे. १९२० साली लेनिन त्यांच्याशी बोलताना तरुणांमधल्या अशा विचारावर चिडले, असं त्यांनी लिहिलं. त्यात कोलोंताय यांचं नाव नाही. ते मागाहून लोकांनी चिकटवलं. १९२३ साली त्यांनी तरुण कामगारांना उद्देशून पंख असलेल्या आणि पंख नसलेल्या प्रेमाविषयी लेख लिहिला. पंख नसलेलं म्हणजे नुसतं शरीराचं, आपुलकी आणि जबाबदारी नसलेलं. त्या ते नाकारतात. एकमेकांच्या मनाची कदर हवी आणि प्रेमापायी बाईने स्वतःचं काम सोडू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. लग्नाच्या शिक्क्याला त्या महत्त्व देत नव्हत्या, हे खरं. त्यातून लोकांनी पेला उचलला.

मला याचा राग येतो. सहाशे पानांचं पुस्तक लिहिणाऱ्या बाईबद्दल चर्चा निघते तेव्हा ती बारा हजार कामगारांच्या गिरणीवर नसते. ती असते तिचं कुणाकुणाशी होतं यावर. पावेल दिबेंको हा खलाशी त्यांच्याहून सतरा वर्षांनी लहान, हे वाक्य प्रत्येक लेखात असतं. दिबेंको नौदलाचे मंत्री होते, हे निम्म्या लेखांतही नसतं.

प्रश्न : उच्चार नेमका काय? कोल्लोन्ताई, कोलनताय, कोलोन्तई, सगळं वाचलं आहे. (डोंबिवली)

उत्तर : कोलोंताय. शेवटच्या ‘ताय’वर जोर. माहेरच्या दोमोन्तोविच, घरात शूरा. कोलोंताय हे नवऱ्याचं आडनाव. त्याला सोडल्यावरही त्यांनी ते जन्मभर ठेवलं.

प्रश्न : स्टालिनने जुने साथीदार एकेक करून संपवले. या बाई वाचल्या कशा? आणि तोंड शिवून वाचलेल्या माणसाचं कौतुक आपण का करायचं? माझा सूर कडक वाटेल, पण विचारतो. (नागपूर)

उत्तर : कडक वाटू दे. हाच प्रश्न मी ओझरला त्या इंजिनीयरच्या बायकोला विचारला होता.

आधी हकीकत. १९२० साली इनेसा आर्मान कॉलऱ्याने गेल्यावर पक्षाच्या महिला विभागाची, ‘झेनोत्देल’ची सूत्रं कोलोंताय यांच्याकडे आली. मार्च १९२१च्या दहाव्या पक्ष अधिवेशनात त्या आलेक्सांद्र श्ल्यापनिकोव यांच्या, पक्षात राहून कामगारांच्या वतीने विरोध करणाऱ्या गटाच्या बाजूने उभ्या राहिल्या. कामगारांचं राज्य म्हणता आणि कारखाने चालवतात अधिकारी, असं त्यांनी पत्रक काढून सांगितलं. लेनिन भयंकर संतापले. त्याच अधिवेशनात पक्षात गट करायला बंदी आली. पुढच्या वर्षी महिला विभाग हातातून गेला. दिबेंकोंशी संसारही मोडत आला होता. परदेशात कुठेतरी पाठवा, असं त्यांनी स्टालिन यांनाच लिहिलं. १९२२च्या ऑक्टोबरात त्या नॉर्वेला गेल्या. तिथे त्यांच्या वाटाघाटींतून १९२४ साली नॉर्वेने सोव्हिएत सरकारला मान्यता दिली. मग मेक्सिको, परत नॉर्वे आणि १९३० पासून स्वीडन. याच स्वीडनने १९१४ साली युद्धविरोधी प्रचारासाठी त्यांना तुरुंगात टाकून ‘कायमचं’ हद्दपार केलं होतं. तो हुकूम मागे घेतल्यावर त्या सोव्हिएत सरकारच्या दूत म्हणून तिथल्या राजाला भेटल्या.

म्हणजे वाचायचं पहिलं कारण, त्या दूर होत्या आणि उपयोगी होत्या. दुसरं कारण तुम्ही म्हणता तेच. श्ल्यापनिकोवना १९३७ साली गोळी घातली, दिबेंकोंना १९३८ साली. एक जुना साथीदार, एक नवरा. त्या दोघांसाठी त्या उघडपणे एक शब्द बोलल्या नाहीत. १९३० साली महिला विभाग बंद झाला. त्यांच्याच काळात, १९२० साली, कायदेशीर झालेला गर्भपात १९३६ साली गुन्हा ठरला. तेव्हाही त्या गप्प. एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, जीव कुणाला नको असतो. पण १९४६ साली त्यांनी सोव्हिएत बाई किती सुखात आहे यावर लेख लिहिला. मातृत्व हे बाईचं नैसर्गिक कर्तव्य, आणि राज्य ते पार पाडू देतं, अशा भाषेत. ज्यांनी पंखांविषयी लिहिलं त्यांच्या हातून हे वाचताना मला अजूनही कसंतरी होतं.

त्या इंजिनीयरच्या बायकोने मला चहा दिला, आत गेली आणि एक लाल फडका घेऊन आली. विटून तपकिरी झालेला. तिच्या आजीचा. आजी व्होल्गाकाठच्या खेड्यातली, झेनोत्देलच्या वर्गात अक्षरं शिकली आणि गावच्या बायकांची प्रतिनिधी झाली. तेव्हा डोक्याला बांधायची तो हा रुमाल. ‘आजी कोलोंतायचं नाव देवासारखं घ्यायची,’ ती म्हणाली. मग रुमालाची घडी करत म्हणाली, ‘आजीची धाकटी बहीण अडतीस साली गेली. चोरून गर्भपात करायला गेली होती.’ एवढंच बोलून तिने कपात साखर घातली. मी दुभाषी होते, शब्दाला शब्द देण्याचं माझं काम. त्या दुपारी मला एकही सुचला नाही.

कोलोंताय यांनी १९२६ साली एका जर्मन प्रकाशकासाठी छोटं आत्मचरित्र लिहिलं. त्याची मुद्रितं तपासायला आली तेव्हा त्यांनी ओळीच्या ओळी खोडल्या. जिथे ‘मी’ केलं असं होतं तिथे ‘आम्ही’, नाहीतर पक्ष. काही ठिकाणी वाक्य पुरतंच गायब. पुढे कधीतरी अशी आवृत्ती निघाली की खोडलेला मजकूर तिरप्या अक्षरांत परत घातला आहे. ती मी पहिल्यांदा उघडली तेव्हा सरळ अक्षरं सोडून फक्त तिरपी वाचत गेले. त्यात अभिमान आहे, एकटेपणाची कबुली आहे, पक्षातल्या पुरुषांवरची नाराजी आहे. हे खोडलं तेव्हा १९३७ यायला अकरा वर्षं होती. कुणी बंदूक रोखलेली नव्हती. स्वतःचं नाव मागे घ्यायची सवय तिथून सुरू झाली, असं मला वाटतं, आणि श्ल्यापनिकोव यांच्या वेळेपर्यंत ती इतकी मुरली की तोंड उघडायचं म्हटलं तरी उघडलं नसतं. ही सबब म्हणून सांगत नाही. तुम्ही विचारलंत कौतुक का, तर मी त्यांच्या गप्प बसण्याचं कौतुक करत नाही, कधी केलं नाही.

तरी एक बाजू राहते आणि ती सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही. कोलोंताय यांच्या आईचे वडील फिनलंडमधले शेतकरी घरातून वर आलेले लाकडाचे व्यापारी. करेलियात कूसा इथे त्यांची जमीन आणि घर. शूराचे सगळे उन्हाळे तिथे गेले. फिनिश भाषा ती तिथल्या शेतकऱ्यांच्या पोरांबरोबर खेळताना बोलायला शिकली. १९३९च्या नोव्हेंबरात सोव्हिएत फौजा फिनलंडमध्ये घुसल्या तेव्हा कोलोंताय स्टॉकहोममध्ये होत्या, सदुसष्ट वर्षांच्या. जानेवारीत फिनिश नाटककार हेल्ला वुओलियोकी गुपचूप त्यांना भेटायला आल्या. दोन बायकांच्या त्या बोलण्यातून दोन्ही सरकारांमध्ये दार किलकिलं झालं आणि मार्च १९४० मध्ये तह झाला. पुन्हा युद्ध पेटलं. १९४२ साली कोलोंताय यांना पक्षाघाताचा झटका आला, डावी बाजू लुळी पडली. तरी १९४४च्या फेब्रुवारीत फिनलंडने बोलणी करायला पाठवलेले पासिकिवी यांच्याशी त्यांनी बोलणी केली, ऑगस्टमध्ये फिनलंडचा युद्धविरामाचा निरोप त्यांच्याच हाती आला आणि सप्टेंबरात लढाई थांबली. अटी कडक होत्या आणि त्या मॉस्कोने घातलेल्या होत्या. करेलियाचा तो पट्टा सोव्हिएत संघात गेला, कूसाही गेलं. तिथल्या फिनिश लोकांनी गावंच्या गावं सोडली. पण फिनलंड हा देश राहिला.

१९४५च्या मार्चमध्ये त्यांना विमानाने मॉस्कोला नेलं. ९ मार्च १९५२ रोजी त्या वारल्या, ऐंशीला थोडेच दिवस कमी. नोवोदेविची स्मशानात त्यांना पुरलं. मला रागही येतो आणि त्यांची ओढही वाटते, आणि इतक्या वर्षांत यातलं एक दुसऱ्याला पुसून टाकू शकलेलं नाही. याहून स्वच्छ उत्तर मजजवळ नाही, साहेब.

प्रश्न : कोलोंताय यांचं स्वतःचं काही मराठीत वाचायला मिळेल का? जड नको. (रत्नागिरी)

उत्तर : घोड्याची ती हकीकत दोनचार पानांची आहे. तीच पुढच्या अंकासाठी मी रशियनमधून करते आहे. सगळं झालं, एक शब्द अडलाय. शेतकऱ्याच्या पायांत ‘लाप्ती’ आहेत. लिंडन झाडाची साल सोलून, तिच्या पट्ट्या विणून केलेली वहाण. तळापासून वरपर्यंत विणीचीच, पायाला दोरीने बांधायची, थोड्याच दिवसांत झिजायची. ‘वहाणा’ म्हटलं तर चामड्याच्या वाटतात, ‘पायताण’ म्हटलं तर कोल्हापूर डोळ्यांपुढे येतं. वर मी ‘सालीच्या विणलेल्या वहाणा’ लिहून वेळ मारून नेली आहे. कोकणात किंवा डांगाकडे सालीच्या, वाखाच्या नाहीतर गवताच्या विणलेल्या पादत्राणाला कुणाच्या आजी-आजोबांच्या तोंडी एखादा शब्द असेल, तर महिनाअखेरीपर्यंत कळवा.